मनोविकारतज्ज्ञाकडील पहिली खेप आणि पुढच्या खेपा

शरीराच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढताना सातारा-सांगलीकडच्या माणसाला सहसा संकोच वाटत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि कोकणापासून कर्नाटकापर्यंतच्या रुग्णांनी त्या गावाची वाट इतकी मळवली की पोटाच्या, हाडांच्या वा डोळ्यांच्या इलाजासाठी मिरजेस जाणे ही या मुलखात अगदी स्वाभाविक गोष्ट ठरली. परंतु तोच माणूस, महिना महिना झोप लागत नसली, अन्न गोड लागत नसले, शेताकडे वा दुकानाकडे पाऊल वळत नसले आणि जगण्याचाच वीट आला असला, तरी मनोविकारतज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचण्यास वर्षानुवर्षे लावतो. आणि पोहोचलाच, तर पुष्कळदा पहिल्या चिठ्ठीनंतर पुन्हा तिकडे फिरकत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता; परंतु त्या पाहणीतून दिसलेले चित्र आपल्याला परके वाटावे असे नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि नैराश्य, चिंता यांसारखे नित्याचे विकार असणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. या उणिवेची कारणे अनेक आहेत. तज्ज्ञांची वाण, अंतर, पैसा आणि लोकलज्जा ही त्यांतली ठळक. परंतु एक कारण असे आहे की ते केवळ माहितीने दूर होण्याजोगे आहे, आणि ते म्हणजे पहिल्या भेटीविषयीची चुकीची अपेक्षा. एका भेटीत निकाल लागेल, एका चिठ्ठीत आजार जाईल, अशा समजुतीने आलेला रुग्ण निराश होऊन परततो. मनोविकारांच्या बाह्यरुग्ण उपचाराचे यश पहिल्या खेपेपेक्षा पुढच्या खेपांवर अवलंबून असते, आणि नव्या रुग्णाने जे जे जाणून घ्यावयाचे ते सारे पुन्हा येण्याचे बळ मिळावे यासाठीच जाणावयाचे, हे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

रुग्णाने घरी राहून, आपला कामधंदा शक्य तितका चालू ठेवून मनोविकारांवर उपचार घ्यावे, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी नाही. १९१२ च्या कायद्यान्वये वेडा ठरविलेल्या इसमाला न्यायाधीशाच्या हुकुमाने मनोरुग्णालयात डांबण्याची तजवीज होती, आणि तो कायदा १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत चालू राहिला. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातील चार मोठी मनोरुग्णालये. त्यांपैकी येरवडा आणि रत्नागिरी ही नावे आपल्याकडील खेड्यापाड्यांत आजही धाकाने उच्चारली जातात, कारण तिकडे रवानगी झालेला माणूस परत येईल याची खातरी पूर्वीच्या पिढ्यांना नव्हती. याच काळात दुसरी एक वाट मात्र हळूहळू तयार होत होती. १९३३ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यातील सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग उघडला, आणि मनोरुग्णास इतर रुग्णांच्याच दारातून आत घेण्याचा प्रघात पडू लागला. १९४९ साली लिथियमचा, १९५२ साली क्लोरप्रोमॅझिनचा आणि १९५७ साली इमिप्रामिनचा गुण वैद्यकास कळला, आणि पूर्वी ज्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागे असे असंख्य रुग्ण गोळ्या घेऊन घरी राहू लागले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला आणि १९९६ पासून त्याची जिल्हावार अंमलबजावणी सुरू झाली, ती याच अनुभवाच्या आधारावर.

सातारा आणि सांगली यांचा एकत्र विचार करण्यास इतिहासाचा आधार आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला जिल्हाच १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. दोहोंची दु:खेही सारखीच आहेत. कृष्णाकाठी ऊस, द्राक्षे आणि हळद यांची समृद्धी आहे, तर माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत पाण्याचे दुर्भिक्ष. जावळी-पाटणची माणसे माथाडी कामासाठी मुंबईत, विटा-खानापूरकडची गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली, आणि घराघरांतून फौजेत गेलेले जवान. कर्ज, ताटातूट, एकटेपणा आणि व्यसन यांचा भार मनावर पडतो तो अशा ठिकाणी. उपचाराच्या सोयी मात्र मोठ्या गावांतच एकवटल्या आहेत. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय ही मोठी ठिकाणे. त्यांखेरीज खाजगी दवाखाने आहेत. जिल्ह्याच्या टोकाकडील रुग्णाने आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास प्रथम विचारावे, म्हणजे तज्ज्ञ कोणत्या वारी कोठे भेटतात याचा पत्ता लागतो आणि दिवसाची मजुरी व गाडीभाडे फुकट जात नाही.

कोणाकडे जावयाचे, हा यापुढचा प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेऊन नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध तोच लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि संवादाच्या पद्धतशीर उपचाराने विचार व वर्तन यांत पालट घडवून आणतो. समुपदेशक व मनोसामाजिक कार्यकर्ते रुग्णाच्या घरच्या, शाळेच्या वा नोकरीच्या अडचणींत वाट दाखवितात. हे सारे परस्परांस पूरक असून, गंभीर आजारात तज्ज्ञास टाळून केवळ समुपदेशनावर विसंबणे जितके घातक, तितकेच सौम्य आजारात बोलण्याच्या उपचारास तुच्छ लेखून फक्त गोळ्या मागणे अयोग्य होय.

पहिल्या भेटीस जाताना काय बरोबर न्यावे, याचे उत्तर साधे आहे. जुने केसपेपर, पूर्वीच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे कागद, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरावी; मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, वैदूच्या वा आयुर्वेदाच्या औषधांचाही त्यांत समावेश असावा, कारण काही औषधे परस्परांशी जुळत नाहीत आणि काहींमुळे मनाची लक्षणे स्वतःच उद्भवतात. आजार केव्हा सुरू झाला, त्या सुमारास काय घडले, झोप, भूक, वजन आणि काम यांत काय फरक पडला, हे चार ओळींत घरीच लिहून नेले तर आयत्या वेळी धांदल होत नाही. स्त्री-रुग्णाने गरोदरपण, तशी शक्यता किंवा अंगावरचे मूल यांविषयी आवर्जून सांगावे; काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, अशा अवस्थेत वर्ज्य असतात.

आता प्रत्यक्ष तपासणीच्या खोलीत जाऊ. जतहून वा म्हसवडहून पहाटेची एसटी पकडून आलेले कुटुंब नंबर लावून बसलेले असते, आणि हाक आली की रुग्णासमवेत थोरला भाऊ, मामा आणि सासरा असे सारेच आत शिरतात. डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहून ‘काय त्रास होतोय तुम्हाला?’ असे विचारले, तर उत्तर भावाकडून येते : ‘ह्याला काय न्हाई ओ सायेब, नुसता इचार करत बसतोय.’ रुग्ण मान खाली घालून नखे कुरतडत राहतो. अशा वेळी डॉक्टर नातलगांची कैफियत ऐकून घेतात आणि मग त्यांना बाहेर बसावयास सांगतात; यात कोणाचा अपमान नाही. घरच्यांना दिसते ते वर्तन आणि रुग्णास जाणवते ती वेदना, या दोहोंच्या जबान्या वेगवेगळ्या घेतल्याखेरीज निदानास आधार मिळत नाही. दार बंद झाल्यावर तोच मुका वाटणारा इसम, हळूहळू का होईना, बोलू लागतो. आणि त्याच्या बोलण्यात जे येते ते भावाने सांगितलेल्या हकिकतीहून पुष्कळदा अगदी निराळे असते.

या मुलाखतीत विचारले जाणारे काही प्रश्न नवख्यास चमत्कारिक वाटतात. घराण्यात पूर्वी कोणास असा त्रास होता काय, कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतले होते काय, दारू, तंबाखू वा गांजा किती, पती-पत्नीचे संबंध कसे, कानात कोणी बोलल्याचा भास होतो काय, आणि मरणाचे विचार येतात काय, असे सारे विचारले जाते. हे प्रश्न प्रत्येकास विचारावयाचे असतात. त्यांत संशय वा हेटाळणी नसते. मरणाविषयी विचारल्याने ते मनात भरते ही समजूत चुकीची आहे. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे कोणापाशी उतरविता आले यानेच रुग्णास दिलासा मिळतो. म्हणून या प्रश्नास खरे उत्तर देणे हे नव्या रुग्णाचे सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य होय.

खरे उत्तर देता यावे यासाठी गुप्ततेची हमी हवी, आणि ती आता कायद्याने दिलेली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्यान्वये रुग्णाच्या आजाराची व उपचाराची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मज्जाव आहे. रुग्णाच्या वा इतरांच्या जिवास धोका असणे, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञास माहिती लागणे, न्यायालयाचा हुकूम होणे, अशा मोजक्याच बाबींत अपवाद केला आहे. सोयरिकीच्या चौकशीस आलेल्या पाहुण्यास किंवा कारखान्याच्या मालकास दवाखान्यातून काही कळविण्याचा कोणासही अधिकार नाही. आपले वैद्यकीय दप्तर पाहण्याचा हक्क रुग्णास आहे. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या इसमाचे नाव साध्या कागदावर लिहून सही वा अंगठा उठविला की ती नेमणूक ग्राह्य धरली जाते, ही तरतूद तर एकट्या राहणाऱ्या स्त्रीने व वृद्धाने अवश्य ध्यानी ठेवावी. विमा कंपन्यांनी मनोविकारांस शारीरिक आजारांच्याच पंगतीस बसवावे, रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधू नये, आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध यांवाचून विजेचा उपचार देऊ नये, असेही तो कायदा बजावतो. ‘शॉक’ या शब्दाने धसका घेणाऱ्यांनी हेही जाणावे की तो उपचार मोजक्या गंभीर अवस्थांतच सुचविला जातो आणि बाह्यरुग्ण विभागात आलेल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंधही येत नाही.

पहिल्या भेटीच्या अखेरीस आजाराचे नाव सांगितले जाईलच असे नाही. मनोविकारांचे निदान मुख्यतः मुलाखतीवर आणि काळाच्या ओघात दिसणाऱ्या लक्षणांवर ठरते, आणि आज नैराश्य म्हणून ओळखलेला आजार वर्षभराने उन्मादाचा झटका आल्यावर द्विध्रुवीय ठरू शकतो. निदान बदलले म्हणजे डॉक्टर चुकले असे समजण्याचे कारण नाही. रक्ताची तपासणी सांगितली जाते, ती बहुधा थायरॉइडची मंदता, पंडुरोग वा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अशी मनोविकाराचे सोंग घेणारी कारणे वगळण्यासाठी. मेंदूचे छायाचित्र प्रत्येकास लागत नाही. त्याचा हट्ट धरून पैसा वाया घालवू नये.

औषधांविषयी सविस्तर सांगणे प्राप्त आहे, कारण उपचार सुटतो तो बहुधा याच जागी. नैराश्यावरील गोळी सुरू केल्यावर तिचे दुष्परिणाम, म्हणजे मळमळ, डोके जड होणे, तोंडास कोरड पडणे, पहिल्या चार-आठ दिवसांतच जाणवू लागतात. गुण मात्र दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे आणि पुरता यावयास त्याहूनही अधिक काळ लागतो. याचा परिणाम काय होतो तो पाहा. दहाव्या दिवशी रुग्णाच्या उशाशी अर्धवट संपलेले पाकीट असते, त्रास झालेला असतो आणि लाभ दिसलेला नसतो. शेजारी म्हणतो की या गोळ्यांची सवय लागते, आणि पाकीट तसेच फडताळात जाते. आणखी दोन आठवडे धीर धरला असता, अथवा डॉक्टरांस कळवून मात्रा कमी करून घेतली असती, तर निकाल निराळा लागला असता. याच्या उलट दुसरी चूक बरे वाटल्यावर होते. नैराश्याचा पहिला झटका ओसरल्यानंतरही औषध साधारणपणे सहा महिने तरी चालू ठेवावे लागते, आणि थांबवावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, उतरत्या मात्रेने. एकाएकी सोडल्यास त्रास होतो आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. लिथियम घेणाऱ्याने ठरल्या मुदतीने रक्ततपासणी करावी, कारण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत तेथे अंतर थोडे असते.

सवय लागण्याची भीती सरसकट सर्व औषधांविषयी बाळगणे चूक आहे; नैराश्यावरील गोळ्यांची लालसा निर्माण होत नाही. ती भीती झोपेच्या व तात्काळ शांत करणाऱ्या काही गोळ्यांविषयी खरी आहे. अल्प्राझोलामसारखी औषधे थोड्या मुदतीसाठीच द्यावयाची असतात, आणि त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषध दुकानदारास बंधनकारक आहे. जुनी चिठ्ठी दाखवून ओळखीच्या मेडिकलमधून अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहणे, किंवा आपल्या गोळ्या भावजयीस देणे, यातून नवाच आजार उभा राहतो.

घरच्या माणसांस एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. रुग्ण तयार नाही म्हणून त्याच्या चहात वा भाकरीच्या पिठात औषध मिसळण्याचा प्रकार पुष्कळ घरांत चालतो. ज्या दिवशी हे उघडकीस येते त्या दिवशी आधीच संशयाने ग्रासलेल्या माणसाचा घरावरचा उरलासुरला विश्वास उडतो. दारू सोडविण्याच्या बाबतीत तर हे प्राणावर बेतणारे आहे. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, म्हणून रुग्णाच्या माहितीवाचून ते देणे सर्वथा निषिद्ध होय. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडणेही धोक्याचे. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या आत भ्रमाची अवस्था उद्भवू शकते, म्हणून हा इलाज डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

व्यसन आणि अंधश्रद्धा या दोन्ही आघाड्यांवर या भूमीने महाराष्ट्रास दिलेला माणूस म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकर. ते मूळचे साताऱ्याचे. महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि वैद्यकाचे मिरजेत झाले. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेचे व्यसनमुक्तीचे आणि मानसिक आरोग्याचे काम त्यांच्याच प्रेरणेतून उभे राहिले. आपल्याकडे भास, भ्रम आणि अंगात येणे यांचा अर्थ पुष्कळदा बाहेरची बाधा किंवा करणी असा लावला जातो, आणि देवऋष्याच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांत आजाराची पहिली, म्हणजे उपचारास सर्वांत अनुकूल अशी वर्षे निघून जातात. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णास मारहाण करणे वा कोंडून ठेवणे हा आता गुन्हा आहे. ज्यास देवावर श्रद्धा आहे त्याने नवस फेडावा, पालखीस जावे, कोणताही समंजस डॉक्टर त्यास आडकाठी करणार नाही. फक्त त्यापायी गोळी चुकवू नये आणि ठरलेली तारीख टाळू नये.

काही प्रसंग मात्र तारखेची वाट पाहण्याचे नसतात. जीव देण्याचा बेत बोलून दाखविणे, विष प्राशन करणे, दिवस दिवस अन्नपाणी टाकणे, बेफाम होऊन अंगावर धावून जाणे, यांपैकी काही घडल्यास जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. औषध फवारणीचे डबे आणि दोर यांसारख्या वस्तू तत्पूर्वीच हलवाव्या. पोलिसांच्या भयाने कोणी उपचार लपवू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे, असे २०१७ चा कायदाच सांगतो. रात्री-अपरात्री बोलावयास कोणी हवे असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस काय करावयाचे, हेही जाणून असावे. पहिल्या खेपेस न सांगितलेली गोष्ट तेव्हा सांगता येते; औषधाने काय सोसले आणि काय सुधारले, किती गोळ्या चुकल्या, हे संकोच न धरता मांडता येते; आणि आणखी किती काळ, कोणता पर्याय, खर्च झेपत नसल्यास स्वस्तातले दुसरे औषध कोणते, असे प्रश्न विचारण्याचा रुग्णास पूर्ण हक्क आहे. एका डॉक्टरांशी जमले नाही तर कागद घेऊन दुसऱ्याकडे जाण्याची मुभा आहे. उपचारच सोडून देण्यापेक्षा ते शतपटीने बरे. ज्या घरातून माणूस मधुमेहाची गोळी घेण्यास लाजत नाही, त्या घराने मनाच्या औषधासाठीही महिन्याची एक तारीख दिनदर्शिकेवर उघडपणे लिहून ठेवावी, रुग्णाबरोबर एसटी स्थानकापर्यंत कोणी तरी जावे, आणि परत आल्यावर ‘बरा झालास का?’ असे विचारण्याऐवजी ‘पुढची तारीख कोणती दिली?’ एवढेच विचारावे. आजार बरा करण्याची विद्या तज्ज्ञापाशी आहे, परंतु ती रुग्णापर्यंत पोहोचण्यास लागणारा अवधी घरानेच मिळवून द्यावयाचा असतो.